इंदूरचं पहिलं घराणं

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. "मग उरलेले आठ महिने काय करतेस?" असं आमचे हे विचारतात. मी हसते आणि तुळशीला पाणी घालते.

यंदा मात्र त्या नेमानं पंचाईत केली. विजय नगरातल्या आमच्या कॉलनीच्या मंडळानं गणेशोत्सवात ह्यांचा सत्कार ठरवला, 'इंदूरचं पहिलं घराणं' म्हणून. आमचे पूर्वज होळकरांबरोबर आलेले ना! ह्यांनी आठवडाभर आधीच फेटा बांधून पाहिला. परिचय मी करून द्यायचा होता.

भाषण ऐकवायला मी वरच्या मजल्यावर अंबिकाताईंकडे गेले. अंबिका मुजाल्दे भूगोल शिकवतात. भिल्ल समाजातल्या, मराठी आमच्यात राहून शिकलेल्या. 'पहिलं' म्हटल्याबरोबर त्या खुदकन हसल्या.

"क्या बात है भाभी! तुम्ही आलात तेव्हा इथे नुसती हवा होती का?"

"तसं नव्हे हो…"

"आमची आजी सांगायची, हे रान, ह्या नद्या आपल्या लोकांनी राखल्या. मग एकेक पाहुणा येत गेला, आपण डोंगराकडे सरकत गेलो. पाहुणे अजून गेले नाहीत!"

"जा म्हणताय?"

"छे! तुमचे दिवाकर भिया फेट्यात छान दिसतात. राहू द्या."

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "अहो, 'पहिलं' हा शब्द मी नाही म्हणणार. नेम मोडेल."

"एका शब्दाचं काय एवढं? गणपतीला सांगून टाक."

"त्याच्यासमोरच तर बोलायचंय."

ह्यांनी अबोला धरला. चहा तेवढा दोनदा मागितला, तोही सुनेमार्फत.

मंडपात मी माईक हातात घेतला. हे खुर्चीत ताठ बसलेले. मी म्हटलं, "आमचं घराणं इथलं जुनं पाहुणं आहे. ही भूमी ज्यांनी आधी राखली, त्यांच्यातल्या अंबिकाताई समोर बसल्या आहेत. पाहुण्याला टिळा यजमानानं लावायचा असतो. त्यांनी लावला, तर सत्कार घेऊ."

ह्यांच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

अंबिकाताई कुंकवाचं ताट घेऊन वर आल्या. "भिया, जरा वाका. फेटा आडवा येतोय."

हे उठले, फेटा काढून माझ्या हातात दिला आणि वाकले. टिळा लागल्यावर माईक मागितला.

"ताई, इतक्या पिढ्या राहिलो, विचारायचं राहूनच गेलं," हे म्हणाले. "राहू ना?"

"सोचके बताते हैं," असं म्हणत अंबिकाताई ह्यांच्याच खुर्चीत बसल्या.