तांदळातलं नाव

सरुबाईंनी सुनेचं बोट पदराने खसाखसा पुसलं आणि पुन्हा त्या छोट्या काचेवर दाबलं. असं दाबलं, की जणू पोस्टातला शिक्काच मारायचा आहे.

मशीनवर पुन्हा लाल दिवा पेटला.

"नाही जुळत," काउंटरमागची पल्लवी म्हणाली. "आजी, तुम्ही नका ना दाबू. त्यांचं त्यांना ठेवू द्या."

"तिचं तिला काय जमतंय? झेंडू तोडून तोडून बोटं झिजलीत तिची. रेघा हायेत कुठं त्यावर? तुझं मशीन शहरातल्या बोटांचं हाय, पोरी."

रांगेत कुणीतरी हसलं. सरुबाईंना ते आवडलं. मखमलाबादच्या मळ्यातून आज त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या. नातवाचं आधार काढायचं म्हणजे त्यांच्या लेखी दुसरं बारसंच. नातू, रुद्र, सुनेच्या कडेवर बसून तिच्या मंगळसूत्राची वाटी चोखत होता. आणि सून कुणीतरी उभं करून ठेवावं तशी उभी होती.

"बाळाचे ठसे घेत नाहीत," पल्लवीने सांगितलं. "मोठ्या माणसाचं बोट लागतं. आणि ते त्याच्या नंबराशी जुळावं लागतं. नाही जुळलं आणि मी रेटत राहिले, तर माझाच आयडी बंद होतो."

तिने पुढ्यातली झेरॉक्स उचलली. सुवर्णा गोरक्ष, असं नाव. गोल चेहरा, हनुवटीवर ठसठशीत तीळ. मग समोर पाहिलं. लांबट चेहरा, हनुवटी स्वच्छ.

"हा फोटो तुमचाच?"

सुनेने आधी सासूकडे पाहिलं.

"तिचाच," सरुबाई म्हणाल्या. "बाळंतपणात वाळली."

"बाळंतपणात तीळ जातो का, आजी?"

सरुबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं, मग काउंटरवर कोपर टेकून पुढे वाकल्या. आवाज एकदम घरातला झाला.

"सुवर्णा माझ्या भावाची पोर. सख्खी भाची. मीच मागून आणली होती गोरक्षला. ताप आला, अंगावर काढला, आन् गेली. दवाखान्याची पायरीबी चढली नाय."

"मग मृत्यूचा दाखला?"

"नाय काढला."

"का?"

"काढला असता तर रेशनमधून काढा, ग्यासच्या पुस्तकातून काढा, बँकेतून काढा. दर ठिकाणी जाऊन म्हणायचं, मेली. परत दुसरीकडं, मेली. माझी जीभ नाय वळली." त्यांनी नाक ओढलं. "मग वर्षानं ही आणली, इगतपुरीकडची. लग्नात नाव बदलायचंच असतं, म्हटलं तेच ठेवू. काही मोडायला नको, काही जोडायला नको. गोरक्षनं परातीतल्या तांदळात अंगठीनं लिवलं, सुवर्णा. सगळ्या पाव्हण्यांनी बघितलं. आता ही सुवर्णा नाय तर कोण?"

पल्लवीचंही नाव एकदा तांदळात बदललं होतं. नवऱ्याला ते आठवडाभरसुद्धा लक्षात राहिलं नव्हतं. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज पहिल्यांदा वाटलं, सुटले.

"आजी, हा नंबर तांदळावर चालत नाही," ती म्हणाली. "नाव बदलतं, पत्ता बदलतो, नंबर नाही बदलत. त्यात गाव नसतं, जात नसते, बाई की पुरुष तेही नसतं. नुसते बारा आकडे, कसेही पडलेले. पण एकदा ज्याला पडले त्याचे. माणूस गेलं तरी ते दुसऱ्याला देत नाहीत."

"मंग मेलेल्याचा नंबर कुणाच्या कामाचा?"

"कुणाच्याच नाही."

"वाया घालवायचा? चांगला चालू नंबर?"

पल्लवीने सुनेकडे मान वळवली.

"तुमचा स्वतःचा असेल ना? लग्नाआधीचा?"

"होता. बंबात गेला," सरुबाईंनीच सांगितलं, अंघोळीच्या पाण्याची गोष्ट सांगावी तितक्या सहज. "एका बाईला दोन कार्डं कशाला?"

"कार्ड जळलं तरी नंबर जळत नाही. पण तो ठाऊक पाहिजे."

सुनेने तोंड उघडलं ते तेव्हा. आणि ती बोलली नाही, तिने चाल धरली. सात, चार, नऊ, असे आकडे एकामागून एक, मधे चौथ्यावर आणि आठव्यावर जरा थांबून, शाळेतल्या कवितेच्या चालीत. रुद्रने वाटी सोडली. तो आईच्या ओठांकडे बघत राहिला, आणि शेवटचा "दोन" आला तसा खुदकन हसला.

"अगं बया!" सरुबाई म्हणाल्या. "ही तर अंगाई हाय हिची. उठता-बसता त्याला हेच म्हणती. मला वाटायचं, येडी पाढे म्हणती."

"शाळेत बाईंनी चाल लावून दिली होती," सून पल्लवीला म्हणाली. "सगळ्या फॉर्मवर लागायचा. आमची कार्डं घरी, आम्ही वसतिगृहात."

पल्लवीने आकडे दाबले. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून ठरलेला असतो. एकही इकडचा तिकडे झाला असता, तर मशीनने तो नंबर घेतलाच नसता. घेतला. सुनेने बोट काचेवर ठेवलं. या वेळी कुणी पुसलं नाही, कुणी दाबलं नाही.

हिरवा दिवा लागला.

पडद्यावर एक मुलगी उमटली. दोन वेण्या, लाल रिबिनी, फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखे डोळे. पल्लवीने पडदा जरासा तिच्याकडे फिरवला.

"चैताली?"

सुनेने आधी त्या रिबिनींकडे पाहिलं, मग पल्लवीकडे.

"हो," चैताली म्हणाली.

मग तिने रुद्रला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि भराभर विचारलं, "माझ्या या नंबरावर होईल का बाळाचं? आई म्हणून?"

"आज नाही. जन्मदाखल्यावर आई सुवर्णा लिहिलंय. तो दुरुस्त करायला लागेल. त्याच्यासाठी त्या गेल्याचा दाखला. मग तुमच्या लग्नाची नोंद या नावाने." पल्लवी थांबली. समोरच्या चेहऱ्यावर काहीतरी इतकं उघडं पडलं होतं, की तिला खोटं बोलवेना आणि खरंही पूर्ण सांगवेना. "चकरा होतात. पण होतं."

चैताली सासूकडे वळली. लग्नानंतर तिला आत्याबाई म्हणायचीही मुभा नव्हती. सुवर्णा नुसतं आत्या म्हणायची, म्हणून हिनेही तेच म्हणायचं.

"आत्या, करूया ना. मी करीन चकरा. बाकी सगळं राहू द्या तसंच. फक्त ह्याचं."

सरुबाई चिडल्या नाहीत. त्यांनी नातवाची सरकलेली टोपी नीट केली, हनुवटीखालची नाडी हलक्या हाताने बांधली.

"कर की," त्या म्हणाल्या. "मी कोण नको म्हननारी? पन मला एक सांग. चैताली नावाची आमच्या घरात कोणीच नाय. रेशनात नाय, ग्यासात नाय. गोरक्षनं जिला आणली ती सुवर्णा. हे पोर कुणाचं, तर सुवर्णाचं. सरकारचा कागद हाय." त्यांनी बाळाच्या गालावर बोट फिरवलं. "चैतालीला तिच्या गावाला जायचं तर तिनं खुशाल जावं. तिला कोण अडवतंय? सुवर्णाचं पोर हितंच राहील."

त्या हे इतक्या मायेने बोलल्या, की मागच्या बाईला वाटलं, सासू-सुनेचं काय गोड चाललंय.

"ताई, आवरा की," ती बाई म्हणाली.

पल्लवीने पेन उचललं, खाली ठेवलं. कुणाला तरी कळवायला हवं होतं. कुणाला, आणि त्यानंतर ह्या मुलीने आज घरी कुठल्या दाराने जायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिने स्वतःचा आवाज काउंटरवरचा करून घेतला.

"वडील आलेत का बाळाचे?"

"बाहेर टेम्पोत हाय."

"वडिलांचं बोट चालतं."

"अगं मग आधी नाय का सांगायचं!" सरुबाई मोकळं हसल्या. "उगंच हिला ताटकळत ठेवली. गोरक्षऽ! ये रे आत."

गोरक्ष आला. अंगाला झेंडूचा उग्र वास, बोटात टेम्पोची किल्ली. खुर्चीत बसला तर समोरच पडद्यावर लाल रिबिनींची मुलगी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, खालचं नाव वाचलं, मग किल्ली खिशात घातली.

"हे दुसऱ्या कुणाचं तरी उघडं राहिलंय, मॅडम," तो म्हणाला.

पल्लवीने ते बंद केलं.

गोरक्षची बोटंही त्याच मळ्यातला झेंडू तोडत होती. पहिल्या फटक्यात जुळली.

"आता फोटो," पल्लवी म्हणाली. भिंतीशी दोरीवर पांढरं कापड टांगलेलं होतं. "बाळाला स्टुलावर बसवा, आणि कापडामागून कुणीतरी धरा. धरणाऱ्याचं काही दिसायला नको."

"सुवर्णा, धर गं," सरुबाई म्हणाल्या.

सून कापडामागे गेली. कापडासकट तिने दोन्ही हातांनी त्याला बगलेत धरलं. पुढून बघणाऱ्याला वाटावं, पोर आपलं आपण बसलंय. मशीनने त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट काढली आणि काखेजवळ एक लाल.

"बोट दिसतंय," पल्लवी म्हणाली.

मघाशी मशीनने जे सुवर्णाचं म्हणून नाकारलं होतं, ते बोट आता लगेच ओळखू आलं होतं. सुनेने ते आत घेतलं.

"अजून थोडं."

तिने तेही घेतलं. आई कुठे दिसेना, तसा रुद्र ओठ काढून रडायच्या बेताला आला. गोरक्षने टाळ्या वाजवल्या, सरुबाईंनी बांगड्या वाजवल्या. रुद्रने दोघांकडे पाठ करायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात कापडामागून हळू आवाजात चाल सुरू झाली. सात, चार, नऊ. रुद्र थांबला. चौथ्यावर जरा विसावा, आठव्यावर जरा. अकरावा आकडा झाला आणि आवाज तिथेच थांबला. बारावा आलाच नाही. रुद्रने वाट पाहिली. सरळ समोर, डोळे मोठे करून. मग न आलेल्या आकड्याला तो आपणच हसला, तोंड भरून, खालचे दोन दात दाखवत.

पल्लवीने बटण दाबलं. हिरवं झालं. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे एकटं पोर हसत होतं.

सरुबाई चष्मा सावरत वाकून बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"हसतो कसा बघ," त्या गोरक्षला म्हणाल्या. "अगदी सुवर्णावर गेलाय."