आवाज गेल्यावरचं काम

"आवाजच नाही, तर काउंटरवर बसून करणार काय त्या?" डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं. आमची ही शेजारीच होती, गळ्याला मफलर गुंडाळून. घशाच्या ऑपरेशनात तिचा आवाज गेला. आणि डोळ्यांच्या या दवाखान्यात तिचं कामच होतं, आदल्या दिवशी पेशंटना फोन करून दटावायचं. भल्याभल्यांची बोलती बंद करणारी बाई, आता मान खाली घालून बसलेली. मला काही ते बघवेना.

"महिनाभर द्या," मी म्हणालो.

मी मोबाइल दुरुस्त करणारा. दुकानातला जुना कॉम्प्युटर घेतला, त्याला एक फोन जोडला. कुणाकुणा भल्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी मोकळं ठेवलेलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर त्यात बसवलं. नाकी नऊ आले, पण जमलं. सगळं दवाखान्याच्या काउंटरवर मांडलं. मेसेज आपोआप जाणार: "उद्या तपासणी. येणार असाल तर १, नसाल तर २ पाठवा." उत्तराची नोंदही आपोआप.

पहिल्याच दिवशी फजिती! एक-दोन कुणी पाठवेचना. "येते गं बाई, पण गुडघा काय म्हणतोय बघू." "जावयाला विचारून सांगतो." आणि माझं यंत्र सगळ्यांना एकच ऐकवतंय, "कळलं नाही. १ किंवा २ पाठवा." एका आजोबांचं डोकंच फिरलं. त्यांनी लिहिलं, "तुझ्या बापाला पाठव!"

"बंद करा हो हे," डॉक्टरीणबाई वैतागल्या.

हिने मला कोपराने बाजूला सारलं, कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि एका बोटाने टाइप केलं, "आजोबा, तोंड सांभाळा. उद्या या. जुना चष्मा विसरू नका."

लगेच उत्तर, "तू आहेस होय! मग आधी का नाही बोललीस? येतो."

त्याच संध्याकाळी मी प्रोग्रॅम बदलला. एक-दोनचं यंत्राने बघायचं, बाकी सगळं हिच्या स्क्रीनवर.

सकाळी आजोबा आले. तिच्या मफलरकडे बघत राहिले. नेहमीसारखे ओरडले नाहीत. समोरच्या बाकावर बसून फोन डोळ्यांशी नेला आणि काहीतरी लिहिलं. हिच्या स्क्रीनवर उमटलं, "आलोय. चष्मा आणलाय. रागावू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी मागे उभ्या राहून ते वाचलं. "उद्याच्या पेशंटनाही तुम्हीच बघा," एवढं हिला म्हणाल्या आणि आत गेल्या.

हिने डोळे पुसले, आणि चार हातांवर बसलेल्या माणसाला उत्तर पाठवलं, "दिसतंय. गप बसा."