दंडावरची पट्टी

शीर सापडत नसेल तर मोठ्या सिस्टरांना बोलवा, हा त्या वॉर्डचा बावीस वर्षांचा रिवाज. दोनदा सुई चुकली की तिसऱ्यांदा कुणी हट्ट करायचा नाही. मोठ्या सिस्टर यायच्या, दंडाला रबरी पट्टी आवळायच्या, बोटाने चाचपायच्या आणि सुई बरोब्बर आत. डॉक्टरसुद्धा बाजूला सरकून उभे राहायचे. बाईंना त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

मग नवी सिस्टर आली. वय पंचवीस, कायम घाईत, पण हात असा की दोनदा चुकायची वेळच येईना. महिनाभरात मोठ्या सिस्टरांना कुणी हाक मारेनासं झालं. बाईंच्या पोटात दुखू लागलं, आणि त्या दुखण्यावर एवढ्या मोठ्या इस्पितळात एक गोळी नव्हती.

मंगळवारी सकाळी आठ नंबरच्या खाटेवर शिंपीकाका आले. तापाने सुकलेले, शिरा दोऱ्यासारख्या बारीक. मोठ्या सिस्टर हौसेने पुढे झाल्या. एकदा चुकल्या. दुसऱ्यांदा शीर फुटली आणि काकांच्या हातावर निळं टेंगूळ आलं. रिवाज त्यांनीच घालून दिलेला, त्यामुळे मुकाट मागे सरावं लागलं. नवीने दुसऱ्या दंडाला पट्टी आवळली आणि एका टोच्यात काम उरकलं.

"वा!" काका म्हणाले. "चाळीस वर्षं सुई धरलीय मी. हात कसा आहे ते लगेच कळतं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. कालची पोर, आणि शाबासकी माझ्यासमोर!

तेवढ्यात शेजारच्या खाटेवर कुणाला तरी उलटी झाली. नवीने घाईघाईने सलाईन जोडलं, काकांची बाही खाली ओढली आणि तिकडे धावली. थोड्या वेळाने मोठ्या सिस्टर ताप मोजत आठ नंबरपाशी आल्या. सलाईनचा थेंब पडत नव्हता. काकांची बोटं सुजून जांभळी झाली होती आणि बाहीखाली दंडावर उंचवटा दिसत होता. बाईंना क्षणात कळलं. पट्टी सोडायची राहिली होती.

"सिस्टर, हात फार जड झालाय हो," काका म्हणाले.

हात पुढे करून गाठ सोडायची, एवढंच काम. पण डॉक्टरांची फेरी दहा मिनिटांवर होती. येऊ देत त्यांना. बघू देत, नव्या हाताची करामत.

"पहिल्यांदा वाटतंच तसं. जरा सोसा," बाई म्हणाल्या आणि थर्मामीटर घेऊन नऊ नंबरकडे वळल्या. मग दहा. मग अकरा. अकराच्या कागदावर आकडा लिहिताना त्यांनी मागे पाहिलं. काका दुसऱ्या हाताने दंड दाबत होते आणि त्यांच्याचकडे बघत होते.

तेव्हा मात्र बाई जवळजवळ पळतच गेल्या. बाही वर केली, गाठ सोडली. खाली लाल वळ उमटला होता. थेंब पडू लागले. डॉक्टर आत आले तेव्हा पट्टी बाईंच्या हातात होती.

ती बघून नवीचा चेहरा उतरला. "माझीच चूक, सर. पट्टी सोडायची विसरले. मोठ्या सिस्टरांच्या लगेच लक्षात आलं म्हणून बरं."

"याला म्हणतात अनुभव," डॉक्टर बाईंना म्हणाले.

महिनाभर याच कौतुकासाठी जीव तळमळत होता. आता मिळालं, तर गळ्याखाली उतरेना. त्यांनी भीतभीत काकांकडे पाहिलं. काका सुजलेली बोटं चोळत होते.

दुसऱ्या दिवशी नवीची सुट्टी होती आणि काकांची सुई निघून आली. कितीतरी दिवसांनी मोठ्या सिस्टरांना हाक आली. बाईंनी पट्टी आवळली, बोटाने चाचपलं आणि पहिल्याच टोच्यात सुई आत गेली.

"छान आहे तुमचाही हात," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पण एक करा, सिस्टर. आमच्या दुकानात काम झालं की सुया मोजून डबीत ठेवल्याशिवाय मी कारागिराला उठू देत नाही. ती पट्टी सोडलीत ना, की माझ्या हातात द्या."

बावीस वर्षांत असं कुणी मागितलं नव्हतं. बाईंनी गाठ सोडली आणि पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती मुठीत घट्ट धरली आणि मगच डोळे मिटले.