पहिलं पाणी

दुपारी दोन वाजता आईच्या न्हाणीघरातल्या रबरी चपला ओल्या दिसल्या आणि चिझुरूचं डोकंच फिरलं. न्हाणीघर बाबा सकाळी सातला घासतात, अंघोळी संध्याकाळी. मग मधल्या वेळात चपला घालून कोण नाचून गेलं?

आई ओट्याशी मुळा किसत होती. तोमोएबाई, वय अडुसष्ट, अंगाने काडी, जिद्दीने पहार.

"आई, तू पुन्हा घासलंस."

"घासलं कुठे? नुसता हात फिरवला."

"हात फिरवून चपला भिजतात?"

आई खोकली आणि किसत राहिली. नळाच्या पाण्यातल्या जंतूंनी तिच्या फुप्फुसात बिऱ्हाड थाटलं होतं. दीड वर्ष मूठ मूठ गोळ्या गिळत होती बिचारी. डॉक्टरीणबाईंनी वसंतातच बजावलं होतं: न्हाणीघर दुसऱ्या कुणीतरी घासायचं, कारण घासताना उडणारे बारीक तुषार थेट छातीत जातात. टबातलं पाणी रोज सोडून द्यायचं, कालचं तापवायचं नाही, पंखा चालू ठेवायचा. एवढं सगळं पाळूनही गेल्या महिन्यात खोकल्यातून रक्त पडलं. पुढच्या तपासणीत जंतू सापडले तर दवाखान्यात राहून इंजेक्शनं घ्यावी लागणार होती. असं कसं झालं, म्हणून चिझुरूने रात्र रात्र विचार केला होता. आणि उत्तर इथे, चपलांत.

"किती दिवस चाललंय हे?"

"तुझे बाबा कोपरे सोडतात गं. टबाच्या झाकणाखाली बुरशीचा गुलाबी थर तसाच. कुणी आलं तर काय म्हणेल?"

"कोण येणारे? शेजारीण साबण घेऊन अंघोळीला येते का तुझ्याकडे?"

"मास्क लावते मी."

दोरीवर तो कापडी मास्क वाळत होता. चाळणीने पाणी अडवायचा प्रकार नुसता. चिझुरूला आईला मिठी मारावीशी वाटत होती आणि गदागदा हलवावंसंही वाटत होतं.

"म्हणजे रोज," दारातून बाबा म्हणाले.

कुनिहिको हातात शॉवरचं नवं तोंड घेऊन उभे होते. गेले चार महिने हा माणूस न्हाव्याच्या दुकानात सांगत सुटला होता, आमचं न्हाणीघर आरशासारखं, माझ्या हातचं. जन्मात चहाचा कप न विसळलेला माणूस. त्यांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी बाह्या वर केल्या, ब्रश घेतला आणि आत जाऊन काचेचं दार लावून घेतलं.

आई लगेच न्हाणीघरासमोरच्या बोळात येऊन उभी राहिली. धुरकट काचेतून काही दिसत नव्हतं. ती कान देऊन ऐकत राहिली.

"अहो, झाकण पालथं केलं नाहीत."

आत ब्रश थांबला. झाकण पालथं झाल्याचा आवाज आला.

"बुचाभोवती. उलट्या हाताने."

"तुला कसं कळतं?" चिझुरूने विचारलं.

"चव्वेचाळीस वर्षं घासलंय. आवाजच वेगळा येतो."

"मग रोज इथूनच ऐकायला काय झालं होतं तुला?"

हे आईला सुचलंच नव्हतं, आणि कपाळाला हात लावण्यापलीकडे चिझुरूही काही करू शकली नाही.

पाचला टब भरला. या घरात सगळे एकाच टबाच्या पाण्यात पाळीपाळीने उतरायचे: पहिली अंघोळ बाबांची, मग मुलांची, शेवटी आईची. ती उरलेल्या पाण्यात बुडी मारायची आणि पूर्वी तर लगेच टबही घासायची.

"आज तू आधी," बाबा म्हणाले.

"छे. पहिलं पाणी म्हाताऱ्या माणसाला बाधतं म्हणतात."

"मग बाबा अजून धडधाकट कसे?" चिझुरू म्हणाली. "जा मुकाट्याने."

बाबांनी टॉवेल तिच्या हातात कोंबला. दार लागलं. चिझुरूने काचेवर टकटक केली.

"आई, ठीक आहेस ना?"

"अगं, पाण्यातून तळ दिसतोय," आई म्हणाली. "टाइलचा निळा रंग पाण्यात असा दिसतो होय गं. माझी पाळी येईपर्यंत पाणी गढूळच झालेलं असायचं."

बाबा ब्रश हातात धरून बोळात उभे होते.

"आणि बुचापाशी जरासं राहिलंय हो," आतून हाक आली. "तो ब्रश द्या इकडे."

"देणार नाही," बाबा म्हणाले. ते दाराला पाठ लावून खाली बसले आणि ब्रश मांडीवर घेतला.