वीस चिठ्ठ्यांचा डबा

आठवीत रत्नप्रभाला इंग्रजीत शंभरापैकी छत्तीस मार्क पडले होते, आणि तेवढ्या भांडवलावर तिने एक अख्खं राज्य उभं केलं होतं. दिंडोशीच्या कॉलनीत बालवाडीची खोली रविवारी दुपारी रिकामी असायची. तिथे सतरंजी टाकून सहा वर्षं हे राज्य चाललं होतं.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाने एक माणूस घ्यायचा, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक. मास्तरने गोष्ट सांगायची. वाटेत गुहा आली, राक्षस आला, की आपला माणूस काय करतो ते बाकीच्यांनी सांगायचं. ते जमलं की फसलं हे ठरवायला एक ते वीसमधला आकडा काढायचा. मोठा आला तर झकास, लहान आला तर वाट लागली. मास्तर अर्थात रत्नप्रभा. आठवडाभर औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावणाऱ्या या मुलीला जगात दुसरीकडे कुठेही कुणी मास्तर म्हणत नव्हतं.

खेळाचा खोका मुळात दहावीच्या वर्गातल्या चंद्रप्रकाशचा. त्याच्या मामाने त्र्याऐंशी साली बोटीवरून आणलेला. त्याला तेव्हा त्यात काडीचा रस नव्हता. विज्ञानाच्या जर्नलमधल्या बेडकाच्या आकृत्या काढून देण्याच्या बदल्यात त्याने तो रत्नप्रभाला देऊन टाकला. खोक्यात फासे नव्हतेच. कंपनीला फासे कमी पडले असावेत, म्हणून कापून घ्यायला आकड्यांचा एक कागद दिला होता. रत्नप्रभाने वीस चिठ्ठ्या कापल्या, शाळेच्या जुन्या टिफिनात टाकल्या आणि खेळ सुरू केला. काढलेली चिठ्ठी बाजूला ठेवायची आणि वीसच्या वीस संपल्या की पुन्हा डबा भरायचा. पुस्तकात काय लिहिलंय ते तिने बघितलंच नाही. गणपतीत कॉलनीत हाउजी व्हायची, आणि एकदा पुकारलेला आकडा परत पिशवीत जात नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात वाचायचं काय?

एकोणनव्वद साली चंद्रप्रकाश इंजिनियर होऊन परत आला. हॉस्टेलमध्ये तो हाच खेळ शिकला होता, पण नवी आवृत्ती. जाडजूड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं पुस्तक आणि वीस बाजूंचा खराखुरा निळा फासा घेऊन तो बालवाडीत हजर झाला. झेरॉक्सच्या दुकानात काम करणारा शिवदास तर पानांचा वासच घेत बसला.

"गो रत्ना, छपाई बघ! माका तर हीच आवृत्ती होयी."

चंद्रप्रकाशने जुनं पुस्तक सहज चाळलं आणि नवव्या पानावर थांबला. "ए, तुम्ही चिठ्ठी परत टाकता ना डब्यात?"

"नाही," रत्नप्रभा म्हणाली. "बाजूला ठेवतो."

"अगं, इथं लिहिलंय! दर वेळी परत टाकायची. सहा वर्षं चुकीचं खेळलात यार!"

तिने वाचलं. सरळ सोपं वाक्य होतं, छत्तीस मार्कांतही बसणारं. तिचे कान तापले. सगळ्यांसमोर अब्रूचा पंचनामा झाल्यासारखं तिला वाटलं, आणि रागाच्या भरात ती बोलून गेली, "मग आज तूच हो मास्तर."

नको म्हणेल अशी आशा होती. तो लगेच "चालेल" म्हणाला आणि तिच्या जागेवर बसला. नव्याचे नऊ दिवस, असं तिने स्वतःला समजावलं. दहाव्या दिवशी तरी हे आपल्याला परत बोलावतील का?

खेळ चांगला रंगला हे तिलाही कबूल करावं लागलं. जुन्या नियमात ताकद शून्यावर आली की माणूस मेला. तिने तसे शिवदासचे चार लढवय्ये मारले होते आणि दर वेळी घरी जाऊन रडली होती. नव्यात पडलेल्या माणसाला दहा श्वास मिळायचे. एका श्वासाला एक फासा. चौदा किंवा जास्त पडले की उठला.

पडला तो नेमका धर्माचा माणूस. धर्मा मढचा कोळी, बापाच्या होडीवर जायचा, आणि होडी किनाऱ्याला असली की दोन बस बदलून इथे यायचा. त्याने फासा टाकला. तीन. मग दोन. मग पाच. मग पुन्हा दोन.

"टाक रे," शिवदास म्हणाला. "आता मोठो येतलोच."

"येईलच असं काही नाही," चंद्रप्रकाश म्हणाला. "फाशाला आधीचं काही आठवत नसतं. दर वेळी पहिल्यापासून."

धर्माने फासा उचललाच नाही.

"ठाव हाय मना," तो म्हणाला. "दर्यावर पन तसंच. चार खेपा जालं रिकामं आलं, म्हनून पाचव्याला मासली गावंल असं नाय. यंदा अकरा दिस रिकामे आलो. बारावा पन रिकामा." त्याने टिफिनकडे बोट केलं. "त्या डब्यात कसं, एक, दोन, तीन निघाले की गेले. मग मोठेच उरतात. वाईट संपतं. मी त्याच्यासाठीच येतो इथं."

रत्नप्रभाला वाटायचं, हे लोक आपल्या गोष्टीसाठी येतात. आपण न वाचलेल्या एका वाक्याने या माणसाला दर रविवारी इतकं काही दिलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. तिला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

चंद्रप्रकाश हुशार होता, पण दगड नव्हता. "म्हणजे शेवटी कुठल्या चिठ्ठ्या उरल्यात ते सगळ्यांना माहीत असतं?"

"असतं ना," रत्नप्रभा म्हणाली. "वीसची उरली असली तर ती कुणी काढायची, यावर अर्धा अर्धा तास भांडतो आम्ही."

"हा तर वेगळाच खेळ झाला." तो सतरंजीवरून सरकला आणि तिची जागा मोकळी केली. "मास्तर, मला पण एक माणूस दे."

रत्नप्रभा जागेवर बसली. "दहा श्वासांचा नियम नव्यातलाच राहील," तिने जाहीर केलं. "तो चांगला आहे." मग तिने नव्या पुस्तकातलं फाशांचं पान काढलं. "यात लिहू?"

गुळगुळीत कागदाकडे बघून त्याच्या जिवावर आलं. तरी त्याने खिशातलं पेन काढून दिलं. समासात तिने ठळक अक्षरात लिहिलं: काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही.

वीसही चिठ्ठ्या डब्यात गेल्या. सहा श्वास उरले होते. धर्माने डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी उलगडली. चार.

शिवदासने कपाळावर हात मारला. धर्मा मात्र हसत होता. चिठ्ठी त्याने सतरंजीवर नीट बाजूला ठेवली, तळव्याने सपाट केली आणि पुन्हा डब्याकडे हात नेला.

"चला," तो म्हणाला, "चार तर गेला."