पंपावरचे भाऊजी

मी संशयी आहे म्हणतात. म्हणू देत! ज्या विहिरीवर आमची रोपवाटिका चालते, तिचं पाणी वर्षभरात तांबूस झालं, बादलीच्या कडेला गंजासारखा थर बसायला लागला, टोमॅटोची रोपं ट्रेमध्येच माना टाकायला लागली, आणि कोळशाच्या खाणीतले साहेब म्हणतात, आमचा काही संबंध नाही. मग विहीर काय आपोआप गंजली?

खाणीला आता ओढा ओलांडून आमच्या बांधापर्यंत खोदायचं होतं. आमचं पाणी खराब ठरलं तर त्यांची परवानगी अडणार होती. चांगलं ठरलं तर विहीर गेली, रोपवाटिका गेली, सगळंच गेलं. आम्ही तक्रार केली आणि प्रयोगशाळेचा माणूस नमुना घ्यायला आला.

त्या दिवशी माझी नजर एकाच माणसावर होती, धाकट्या दिरावर. भाऊजी खाणीच्या पंपावर कामाला. खड्ड्यात साचलेलं पाणी उपसून काढायचं, हे त्यांचं काम. पगार खाणीचा, जेवण आमच्याकडे. नेमकी त्याच दिवशी त्यांनी सुट्टी काढली होती. विचारलं तर म्हणे, "आपली मोटर ऐनवेळी बंद पडली तर? म्हणून थांबलो." मोटर बरी चांगली चालत होती! माझ्या मनात पाल चुकचुकली.

प्रयोगशाळेच्या माणसाने बाटल्यांची पेटी पडवीत ठेवली. विहिरीतलं जुनं पाणी आधी उपसून टाकायला हवं, असं सांगून तो आमच्या यांच्याबरोबर विहिरीकडे गेला. त्यांच्यामागे भाऊजी निघाले. मग मी कशी मागे राहीन? जाताना सासूबाईंना बजावलं, "पेटीवर लक्ष ठेवा. कुणाचा म्हणून भरवसा नाही. त्या बाटल्यांत आधीच काय घालून आणलंय कोण जाणे!"

विहिरीवर मी भाऊजींच्या हातांवरून नजर हटवली नाही. मग पडवीतून पेटी आणली, बाटल्या भरल्या, झाकणं लागली, सगळं माझ्यासमोर झालं. तरीही निकाल आला तो असा की पाण्यात लोह नावापुरतं, शेतीला योग्य.

माझं डोकंच फिरलं. भाऊजी जेवायला बसले होते. मी म्हटलं, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! किती दिवस आमच्या ताटात जेवून त्यांची चाकरी करणार?"

"वहिनी, मी त्या बाटल्यांना हातसुद्धा लावला नाही."

"हात न लावता काम करणारेच जास्त हुशार असतात."

आमचे हे म्हणाले, "अगं, पुरे." भाऊजी भरल्या ताटावरून उठले आणि खाणीच्या क्वार्टरवर राहायला गेले. मला वाटलं, बरं झालं, घरभेदी गेला.

आठवड्याने प्रयोगशाळेचा माणूस स्वतःहून आला. त्याला चैन पडत नव्हतं. "तुमच्या पाइपला आतून एवढा लाल थर आहे," तो म्हणाला, "आणि बाटलीत लोह नाही? बाटलीच्या तळाला आम्ही आम्लाचे थोडे थेंब ठेवतो. त्यानं लोह पाण्यात विरघळलेलं राहतं. ते थेंब नसले तर लोह बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि तपासणीत सापडत नाही."

सासूबाई चहाचा कप घेऊन दारात थबकल्या. "अगंबाई! ते तुमचे होते होय?"

"म्हणजे?"

"मला वाटलं, खाणवाल्यांनीच काहीतरी घातलंय. मी सगळ्या बाटल्या ओतून टाकल्या, भांड्याच्या साबणाने चकचकीत धुतल्या आणि होत्या तशा ठेवल्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूच नाही का म्हणालीस?"

मला रडू आलं, आणि रागही आला, पण कुणावर काढायचा ते कळेना.

प्रयोगशाळेचा माणूस म्हणाला, "पुन्हा एकदा नमुना घेता येईल, पण शेवटचाच. खाण ओढ्यात पाणी सोडत असताना तिथलाच नमुना मिळाला, तर तो कुणाला नाकारता येणार नाही. मात्र कधी सोडतात ते आधी कळायला हवं. आम्ही येतो म्हटलं की ते पाइप बंद ठेवतात."

ते एकाच माणसाला माहीत होतं. मी चप्पल घातली आणि क्वार्टर गाठली.

भाऊजींनी खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच माफी मागितली, सासूबाईंचा पराक्रम सांगितला. ते हसले. "आई म्हणजे आई!" मग दार लोटून हळूच म्हणाले, "मंगळवारी, सकाळची पाळी बदलताना. मीच व्हॉल्व्ह उघडतो. पण वहिनी, माझं नाव निघालं तर नोकरी गेलीच. आणि आठवडाभर ते पाणीही सोडणार नाहीत."

"तोंडातून शब्द काढणार नाही," मी म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

बाहेर पडले. खाणीच्या फाटकापर्यंत पोचले नाही तोच मनात आलं, खरंच मंगळवार असेल? एवढं बोलले मी त्यांना, ताटावरून उठवलं, आणि हे लगेच सांगून मोकळे झाले? चुकीचा वार सांगितला असेल तर? नमुना शेवटचा. एकदा खात्री केलेली बरी.

फाटकावरचा पहारेकरी पेपर वाचत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो, ओढ्यात पाणी मंगळवारीच सोडतात ना? गुरं न्यायची होती त्या बाजूला."

त्याने पेपर खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मी आले होते त्या क्वार्टरच्या रस्त्याकडे बघितलं.

"पाणी सोडतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपलं ऐकलं."

फोन उचलून त्याने आत नंबर फिरवला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत मला विचारलं, "पंपावर तो आहे ना, मघाशी ज्याच्या खोलीत गेला होतात, त्याच्या तुम्ही कोण?"

पळून जावंसं वाटलं.

"वहिनी," मी म्हटलं.