शकुचा रविवार

सुनेत्राने शकुला पेरूच्या झाडाखालून उचललं, तेव्हा पोरीच्या हनुवटीतून रक्त येत होतं आणि कार्टी हसत होती.

"मागची जखम भरली नाही अजून! काहून चढली?"

"चढून नव्हती राहिली, आई. उतरून राहिली होती."

आठ वर्षांची पोर, पण पायाला भिंगरी. सायकली, विहिरीचा कठडा, शेजारच्या विष्णुपंतांची कौलं, काही म्हणून सोडलेलं नाही. घरातली हळद फोडणीला कमी आणि शकुला जास्त लागायची. ती रस्त्यावर धावली की सुनेत्राचा जीव तिच्यामागे अनवाणी पळायचा.

शेवटी शहरातल्या सदर भागात विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्यांची बाटली दिली.

"सुबह एक। भूख कम लगेगी, इसलिए इतवार को मत देना। उस दिन खेलने दो।"

गोळीने शकु जागेवर बसायला लागली. रस्ता ओलांडताना थांबायला लागली. सुनेत्राचा जीव भांड्यात पडला.

त्याच वर्षी लढाईचं वारं सुटलं. शकुचे बाबा, नीलकंठ, कामाला होते त्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात सगळ्या सुट्ट्या रद्द झाल्या. दिवाळीनंतर शाळेच्या इमारतीत फौज उतरली आणि शाळाही बंद पडली. आता कारखान्याच्या वस्तीत रविवार ओळखायचा कसा? नवरा उशिरापर्यंत लोळतो, डोक्याला तेल चोपडून घेतो, तो रविवार. इथे तर नीलकंठ रोज डबा घेऊन निघायचा. सुनेत्राच्या घरी रविवार आलाच नाही, आणि तीही रोज सकाळी शकुच्या हातावर गोळी ठेवत राहिली.

लढाई संपली. एका सकाळी नीलकंठ अंगणात चहाचा कप घेऊन निवांत बसलेला दिसला.

"डबा भरायचा नाही, अहो?"

"आज इतवार आहे. सुट्टी मिळाली."

सुनेत्राच्या मुठीत गोळी होती. 'इतवार को मत देना' हे डॉक्टरांचं बोलणं तिला आत्ता आठवलं. शकुची मनगटं किती बारीक झाली होती! ताटात भात उरायचा, आणि लढाईच्या धास्तीत आपण तो गाईला घालून मोकळ्या व्हायचो. आपली बेफिकिरी तिला भाजत गेली.

"पोरीचे सगळे इतवार खाल्ले मी," ती म्हणाली.

"चलो, आता नको देऊ. खेळू दे तिला," नीलकंठ म्हणाला.

शकु आतून आली आणि सवयीने तिने हात पुढे केला.

"आज गोळी नाही, शकु. आज खेळायचं, पळायचं. जा."

शकु हलली नाही. तिने पेरूच्या झाडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"मग आज मी पडणार?"

नीलकंठ हसला. "पडली तर पडली! माझी वाघीण कधी रडते का?"

"तुम्ही सगळे हसता, बाबा. म्हणून मी पण हसते." शकु खाली बघत म्हणाली, "लागतं ना मला."

नीलकंठने कप खाली ठेवला.

सुनेत्रा पोरीसमोर जमिनीवर बसली. "कुठं लागलं होतं? दाखव."

शकुने आधी हनुवटी दाखवली. मग कोपर दाखवलं. मग फ्रॉक वर करून मांडी, कंबर, पाठ दाखवू लागली. पडल्याच्या त्या जुन्या खुणांतल्या कितीतरी सुनेत्रा पहिल्यांदाच पाहत होती.